बोंड ठेवलेल्या खुर्च्या

सगळे त्यांना कंडक्टर म्हणत. बसची नोकरी संपली, कातडी पिशवी आणि तिकिटाला भोक पाडायचा चिमटा डेपोत जमा झाला, पण नाव काही जमा झालं नाही. दूधवाला, शेजारी, जावई, सगळ्यांच्या तोंडी कंडक्टरच. बायकोला ओघानेच कंडक्टरीण म्हणत. ती स्वतः नवऱ्याला "अहो" म्हणायची आणि फारच चिडली तर "अहो कंडक्टर".

बसमध्ये कंडक्टरांचा एकच हट्ट असे. गर्दीत कोण बसणार आणि कोण उभं राहणार हे नशिबावर सोडायचं नाही. काठी टेकत कुणी चढलं, कडेवर मूल घेऊन एखादी बाई चढली, की हे मागून ओरडत पुढे यायचे, "ऊठ रे राजा, तुझे पाय नवे आहेत अजून!" राजा मुकाट्याने उठे. एकदा आपण एका पोलिस साहेबाला उठवलं होतं, असं ते सांगत. खरंखोटं तो साहेबच जाणे.

एका प्रवाशाला मात्र त्यांच्या बसमध्ये कधी नीट जागा मिळाली नाही, आणि ती म्हणजे कंडक्टरीण. ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. दिवसभर उभं राहून चादरींना इस्त्री करायची आणि जाता-येता नवऱ्याच्याच बसने प्रवास करायची. लग्न नवंनवं होतं तेव्हा एकदा ती खिडकीशी बसली असताना मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "कंडक्टरची बायको! तिला कोण उठवतंय?" कंडक्टरांचे कान लाल झाले. त्या दिवसापासून बस भरली की सगळ्यांत आधी उठायची पाळी बायकोची. लेक पोटात होती तेव्हा एका भल्या माणसाने तिला स्वतःची जागा दिली. पुढच्या थांब्यावर एक म्हातारबुवा चढले. कंडक्टरांनी बायकोकडे नुसतं पाहिलं आणि ती उठली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही जगाची रीत. कंडक्टरांकडे ती उलटी होती. माणूस सचोटीचा, यात शंकाच नाही. पण नवऱ्याच्या सचोटीचं ओझं पुष्कळदा बायकोच वाहते, तसं इथेही झालं.

कंडक्टरिणीने त्यावर कधी आदळआपट केली नाही. तिने त्याचा विनोद करून टाकला. कुणी विचारलं, तुमची ओळख कुठे झाली, तर म्हणायची, "आमची उभ्या उभ्या ओळख आहे."

त्यांच्या बसच्या वाटेवर साबणवाल्याचं घर लागायचं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात एका साबणाच्या कारखानदाराने ते बायकोसाठी बांधलं होतं. लाल विटांचं, कोपऱ्यावर गोल मनोरा, रस्त्याच्या बाजूला पोट काढलेल्या मोठाल्या खिडक्या आणि ओसरीला लाकडाची जाळीदार झालर. वारस भांडले, दारंखिडक्यांना फळ्या ठोकल्या गेल्या, कौलांवर गवत उगवलं. पोरं त्याला भूतबंगला म्हणायची. मग ते पाडून तिथे गाड्या उभ्या करायची जागा करायचं ठरलं, तेव्हा आसपासची माणसं जाऊन त्याच्या पायऱ्यांवर बसली आणि उठायलाच तयार होईनात. शेवटी नगरपालिकेनेच घर विकत घेतलं, डागडुजी केली, दाराशी पितळी पाटी लावली आणि शहराची खूण म्हणून ते जपायचं ठरलं.

घर फळ्या ठोकलेल्या अवस्थेत होतं तेव्हाही कंडक्टरीण रोज त्याच्यावरून जायची. पण उभ्या माणसाला बसच्या खिडकीतून वरचं काही दिसत नाही. दिसतो तो खालचा रस्ता. मनोरा पाहायचा तर बसूनच पाहावा लागे.

"अहो, वर काय आहे हो?" ती दांडीला लोंबकळत विचारायची.

"वर मनोरा आहे."

"कसा आहे?"

"गोल आहे."

कंडक्टरांची वर्णन करण्याची ताकद तिथे संपायची. रस्त्याने चालत जाऊन तिला ते घर कधीही बघता आलं असतं म्हणा. पण दिवसभर उभी राहिलेली, पोटापाण्याच्या मागे लागलेली बाई मुद्दाम घर बघायला कधी जाणार? "मला त्या घराच्या पायऱ्याच तेवढ्या पाठ," ती म्हणायची. "एकदा आतून बघायचंय. माडीवरून खाली उतरणाऱ्या बाया कशा दिसत असतील, ते मला बघायचंय."

निवृत्त झाल्यावर कंडक्टरांना घरात करमेना. दिवसभर बायकोला "जरा पुढे सरक" म्हणत स्वयंपाकघरात लुडबुड करायचे. तेव्हा तिनेच वर्तमानपत्रातली जाहिरात दाखवली. साबणवाल्याच्या घरात पाहुण्यांवर लक्ष ठेवायला माणूस हवा होता. कंडक्टर गेले आणि लागले. घराची व्यवस्था पाहणाऱ्या मॅडमना त्यांचा खणखणीत आवाज आवडला.

काम सोपं होतं, पण नशिबाची गंमत बघा. जन्मभर ज्या माणसाने लोकांना बसवलं, त्याचं आता काम काय, तर कुणी बसणार नाही याची काळजी घेणं! घरातल्या खुर्च्या साबणवाल्याच्या वेळच्या. त्यांवर बसायला मनाई. पण मॅडमना मनाईच्या पाट्या आवडत नसत. पाटी दिसली की पाहुण्यांना आपण चोर असल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्या घराची एक पद्धत होती. प्रत्येक खुर्चीच्या गादीवर पाइनच्या झाडाचं एकेक वाळकं, काटेरी खवल्यांचं बोंड ठेवायचं. ते बघून कुणी रागवत नाही आणि बसतही नाही.

कंडक्टर सकाळी टोपली घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत आणि बोंडं मांडत. संध्याकाळी गोळा करत. "या बसा," ते एकेका बोंडाला म्हणत. "तुम्ही बरे. ना पास विचारायचा, ना सुटे पैसे." तिकीटखिडकीतली बाई हे ऐकून खो-खो हसायची. पाहुण्यांची गर्दी दारात तुंबली की जित्याची खोड बाहेर पडे, "पुढे सरका, पुढे सरका! पुढचा दिवाणखाना सगळा रिकामा आहे!" आणि लोक खरोखरच सरकत.

कंडक्टरांची नेमणूक खालच्या मोठ्या दालनात होती. तिथे समोरच मुख्य जिना. जिन्याच्या वळणावर भिंतभर रंगीत काचेची खिडकी. ऊन आलं की दालनाच्या फरशीवर निळेहिरवे डाग पडत. जिन्यावरचा गालिचा जुना, म्हणून पायथ्याशी दोरी लावलेली. पाहुणे मागच्या जिन्याने वर जात. दालन आणि जिना यांच्या मधोमध कोरीव लाकडाची एक कमान खाली उतरलेली होती, त्यामुळे दालनात उभ्या माणसाला खिडकीचा अर्धा भागच दिसे. नदीचं पाणी, दगड, आणि पाण्यात उभ्या असलेल्या बायकांचे पाय. वरचं कमानीआड. लोक म्हणत, वा, छान आहे, आणि पुढे सरकत. कंडक्टरांनाही तेवढंच माहीत होतं. दोरीपलीकडे जायचं नाही असा नियम, तेव्हा ते कधी गेले नाहीत.

घरी ते बायकोला सगळं सांगत. आता वर्णनाची ताकद जरा वाढली होती. नोकरांना बोलावायच्या घंटांची फळी, चुलीभोवतीच्या चित्रांच्या फरश्या, मनोऱ्यातली गोल खोली. ऐकता ऐकता तिचे डोळे लकाकत. पण आता तिचे गुडघे गेले होते. उभ्याने केलेल्या नोकरीने त्यांचा पार भुगा केला होता. काठीच्या आधाराने ती घरातल्या घरात चाले. जरा उभी राहिली की पाय थरथरायला लागत. साबणवाल्याच्या घराचा फेरा म्हणजे नुसतं उभं राहणं. घरून स्टूल न्यावं, तर लाकडी जमिनीवर ओरखडे उठतात म्हणून बाहेरचं फर्निचर आत चालत नसे. चाकांची खुर्ची त्या पायऱ्या चढून जाणं अवघड, आणि कंडक्टरिणीला तर ती नकोच होती. "चाकांवर बसायचा योग माझ्या पत्रिकेत नाही," ती म्हणायची. "तुमच्या बसला सहा चाकं होती, काय उपयोग झाला?"

तिकीटखिडकीतल्या बाईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "कंडक्टर, एक सांगू? सोमवारी कुणी नसतं. वहिनींना घेऊन या. एक बोंड उचला, बसवा दालनात. मी काही पाहिलं नाही."

"तसं नाही चालत."

"अहो, पाच मिनिटांचा प्रश्न!"

"बाकीच्यांना नाही म्हणायचं आणि आपल्या माणसाला बसवायचं? नियम म्हणजे नियम."

हे त्यांनी घरी येऊन मोठ्या अभिमानाने सांगितलं. कंडक्टरीण कपड्यांच्या घड्या घालत होती. ती नुसतं "बरं केलंत" म्हणाली. पुरुषांना ह्या "बरं केलंत"चा अर्थ कळायला वेळ लागतो, आणि कंडक्टरांना तर तो कळलाच नाही.

मग तो रविवार आला. दालन खचाखच भरलेलं. एक पोटुशी बाई नवऱ्याबरोबर आली होती. दिवस भरत आलेले असावेत. उकाडा, गर्दी, त्यात जुन्या लाकडाचा आणि मेणाचा वास. बाईचा चेहरा एकदम पांढराफटक पडला आणि तिने नवऱ्याचा दंड धरला. पुढचं सगळं कंडक्टरांनी केलं, पण त्यात त्यांचं डोकं नव्हतं. त्यांच्या हातापायांनी ते परस्पर केलं. गर्दी हाताने बाजूला सारत ते पुढे झाले, मालकीणबाईंच्या, म्हणजे साबणवाल्याच्या बायकोच्या, हिरव्या मखमली खुर्चीवरचं बोंड उचललं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बसा ताई, जागा रिकामी आहे!"

बाई बसली. मखमलीने कर्र असा आवाज केला. सगळ्या दालनाने माना वळवल्या. कंडक्टर हातातल्या बोंडाकडे बघत राहिले.

बाईला पाणी दिलं, वारा घातला. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. ती मान मागे टाकून बसली होती. समोर बघता बघता ती हसायला लागली. "अय्या, ती बघा ना," ती नवऱ्याला म्हणाली, "ती वरची कशी हसतेय!"

नवऱ्याला काही दिसेना. तो उभा होता.

संध्याकाळी मॅडमनी खुर्ची पाहिली. मखमल शिवणीशी बोटभर उसवली होती. मॅडम ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट. "समितीला कळवावं लागेल," त्या म्हणाल्या. "तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं, मला माहीत नाही. पण कळवावं लागेल. तोपर्यंत तुम्ही बागेकडे बघा."

घरी आल्यावर कंडक्टरांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. लपवायची सवयच नव्हती. नोकरी जाईल बहुतेक, असंही म्हणाले. त्यांना वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या हो, चांगलं काम केलंत. बराच वेळ कंडक्टरिणीने काठीची मूठ नुसती चोळली.

"किती महिने होते तिला?" तिने विचारलं.

"भरत आले असावेत."

"मलाही भरतच आले होते," ती म्हणाली. "परक्या बाईसाठी तुम्ही बोंड उचललंत, अहो कंडक्टर. उचलायलाच हवं होतं. मी त्यावर काही म्हणत नाही." आणि पुढे काय म्हणायचं ते न म्हणताच ती भिंत धरत धरत आतल्या खोलीत गेली.

यात एकही विनोद नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. कंडक्टर तोंडात मारल्यासारखे बसून राहिले. बसमधला तो म्हातारबुवा, आपण नुसतं पाहणं आणि तिचं उठणं, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. तेव्हा आपल्याला केवढी ऐट वाटली होती! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. सगळ्या बसला उजेड दाखवला आणि घरचं माणूस अंधारात उभं राहिलं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली आणि तिची फार माया आली. पण बायकोची माफी कशी मागतात ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते बागेत गेलेच नाहीत. थेट मॅडमच्या खोलीत जाऊन उभे राहिले. आयुष्यात कुणाकडे काही मागायची ही त्यांची पहिलीच वेळ, त्यामुळे सुरुवात अगदीच वेडीवाकडी झाली.

"मॅडम, मला काढायचं तर काढा. पण त्याआधी एकदा त्या खुर्चीसमोर खाली बसा."

"खाली?"

"जमिनीवर बसा. काल त्या ताईंना वरची बाई दिसली म्हणे. बसल्यावर दिसली. उभ्याने मला इतक्या दिवसांत कधी दिसली नाही."

मॅडम साडीचा पदर सावरत उठल्या. त्यांना वरची बाई माहीत होती. डागडुजीच्या वेळी परांची बांधून वर चढल्या होत्या, तेव्हा त्यांनी ती हातभर अंतरावरून पाहिली होती. पण दालनातून पाहिली नव्हती. त्या मालकीणबाईंच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसल्या. कंडक्टरही गुडघे धरत शेजारी टेकले.

कमान नजरेच्या वर गेली आणि खिडकी पुरी दिसली. नदीत उभ्याने कपडे धुणाऱ्या बायका होत्या त्या. वाकलेल्या, पिळे घालणाऱ्या, ओल्या केसांच्या. मधली एक मात्र धुणं टाकून सरळ उभी होती आणि डोकं मागे टाकून हसत होती. तिच्या हातांतून साबणाचे फुगे निघून काचेच्या अगदी टोकापर्यंत गेले होते, आणि एकेका फुग्याचा रंग निराळा होता.



"साबणवाल्याची बायको इथे बसून हेच बघायची," मॅडम हळूच म्हणाल्या. "म्हणून ही खुर्ची एवढी बुटकी. आपण घर जपलं आणि बसायचंच विसरलो."

"मॅडम," कंडक्टर म्हणाले, "बसमध्ये एक जागा ठेवतात बघा. म्हातारी, आजारी, गरोदर बायका. तशी एक जागा ठेवा. ह्या खुर्चीवर नको. हिचं वय झालंय, हिला बोंड राहू दे. पण शेजारी एखादं बाकडं. एवढ्याच उंचीचं." मग जे बोलायला आले होते ते बोलले. "माझ्या बायकोला हे घर बघायचंय. तिला उभं राहवत नाही."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"ती माझी बायको आहे ना," कंडक्टर म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांना कळलं की हे उत्तर किती वेड्यासारखं आहे.

समितीत थोडी गुरगुर झाली. एकाने नियमावर बोट ठेवलं, दुसऱ्याने जमिनीच्या ओरखड्यांचा मुद्दा काढला. मॅडम हुशार. त्यांनी सगळ्या समितीला दालनात नेऊन जमिनीवर बसवलं. उठताना तिघांना हात द्यावा लागला, आणि बाकड्याची गरज आपोआप सिद्ध झाली. सुताराने बुटकं, रुंद बाकडं केलं, पायांना खालून लोकरीच्या चकत्या लावल्या. मखमल शिवून झाली. कंडक्टरांना दालनात परत घेतलं, फक्त ताकीद मिळाली, आणि ती त्यांनी पदक मिळाल्यासारखी घरी सांगितली.

सोमवारी नाही, चांगला गर्दीचा रविवार बघून त्यांनी बायकोला आणलं. तिकीटसुद्धा काढलं. लेकीने आणि जावयाने दोन्हीकडून धरून तिला पायऱ्या चढवल्या. प्रत्येक पायरीला कंडक्टरीण म्हणत होती, "ही ओळखीची. हीसुद्धा ओळखीची."

कंडक्टरांनी तिला बाकड्यावर बसवलं. ऊन बरोबर काचेवर होतं. तिने मान वर केली. बघत राहिली. निळा रंग तिच्या पांढऱ्या केसांवर पडला होता. लेकीला वाटलं, आई आता रडणार.

"अगं बाई," कंडक्टरीण म्हणाली, "जन्म सगळा धुण्यात गेला, आणि एवढ्या हौसेने आले तर इथेही धुणंच!" ती हसायला लागली, अगदी मान मागे टाकून, आणि दालनातले पाहुणेही हसायला लागले. मग डोळे पुसत ती हळूच म्हणाली, "ती मधली कशी मजेत आहे बघा. कोणाला विचारत नाही."

तेवढ्यात दारातून एक आजोबा काठी टेकत आले. धापा टाकत होते. बाकडं एकच, आणि कंडक्टरिणीने पाय पसरले होते, त्यामुळे ते भरलेलं. तिने त्यांना पाहिलं. मग तिची नजर सवयीने नवऱ्याकडे गेली, आणि ती काठी घेऊन उठायला लागली.

कंडक्टर दोन ढांगांत तिच्याजवळ आले. तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला त्यांनी पुन्हा खाली बसवलं.

"तू बस," ते म्हणाले. आवाज तोच, बसमधला, सगळ्या दालनाला ऐकू जाईल असा. "ही माझी बायको आहे. हिला उठवायचं नाही." मग आजोबांकडे वळून म्हणाले, "आजोबा, बाकडं रुंद आहे. ती जरा सरकेल. या, बसा."

कंडक्टरीण सरकली. खिडकीची बाजू तिने सोडली नाही.